यकृतपेशींचें रोपण

मराठींतील काळीज हा शब्द मोठा विलक्षण आहे. भय वाटलें कीं काळीज धडधडतें, दुःख झालें कीं काळीज तुटतें, आणि आई आपल्या लेकरास काळजाचा तुकडा म्हणते. या सर्व ठिकाणीं बोलणाराच्या मनांत हृदय असतें. परंतु जुने शब्दकोश उघडून पाहिले तर काळीज म्हणजे यकृत असा अर्थ तेथें दिलेला सांपडतो. आणि बाजारांत कलेजी म्हणून जी विकली जाते तीही यकृतच होय. या यकृतासंबंधीं, किंबहुना त्यांतील अति सूक्ष्म अशा पेशींसंबंधीं, प्रस्तुत लेखांत लिहावयाचें आहे. कांहीं बालकें जन्मतःच यकृताच्या एखाद्या कार्यांत उणीं असतात. अशा बालकास सबंध नवें यकृत न देतां दुसऱ्याच्या निरोगी यकृतांतील मूठभर पेशी दिल्या तर तें वांचेल काय, हा प्रश्न गेलीं सुमारें पन्नास वर्षें वैद्यकशास्त्रापुढें आहे. त्याचें उत्तर काय मिळालें, तें कोठें अपुरें पडलें, आणि पोखर्णीसारख्या गांवीं राहणाऱ्या आईबापांस त्यांतून काय घेतां येण्यासारखें आहे, हें क्रमानें पाहूं.

यकृत पोटाच्या वरच्या भागीं, उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असतें. प्रौढ मनुष्यांत त्याचें वजन सव्वा ते दीड किलोग्रॅम भरतें, आणि शरीराच्या आंतील अवयवांत तें सर्वांत मोठें आहे. हृदयांतून दर मिनिटास जें रक्त बाहेर पडतें त्याचा सुमारें चौथा हिस्सा यकृतांतून जातो. त्यांतील बहुतेक रक्त आंतड्यांकडून एका मोठ्या शिरेनें येतें; तिला पोर्टल शीर असें म्हणतात. म्हणजे आपण खाल्लेली भाकरी, वरण, दूध यांचा जो रस रक्तांत उतरतो, तो शरीरांत इतरत्र जाण्यापूर्वी बहुतांशीं प्रथम यकृताच्या दारीं येतो. यकृत त्याची निवडानिवड करितें. तें साखर सांठवून ठेवितें, रक्त गोठविणारीं द्रव्यें तयार करितें, पित्त बनवितें, आणि विषारी द्रव्यांचें रूपांतर करून तीं शरीराबाहेर टाकण्याजोगीं करितें. हीं बहुतेक कामें यकृतपेशी करितात. प्रौढ मनुष्याच्या यकृतांत त्यांची संख्या १०,००० कोटींच्याही वर असते.

या प्रत्येक पेशींत नानाविध विकरें असतात. विकर म्हणजे ज्यास इंग्रजींत एन्झाइम म्हणतात तें द्रव्य. तें एका पदार्थाचें दुसऱ्या पदार्थांत रूपांतर घडवून आणितें, आणि प्रत्येक विकराचें काम ठरलेलें असतें. आपल्या जिल्ह्यांत कापूस पिकतो, म्हणून जिनिंगच्या कारखान्याचें उदाहरण घेऊं. कापूस आंत येतो, यंत्रावर सरकी वेगळी होते, रुई पुढें जाते, आणि शेवटीं तिच्या गांठी बांधल्या जातात. आतां सरकी काढणारें यंत्रच बंद पडलें तर काय होईल? मागें कापसाचे ढीग सांचून वाट अडेल, आणि पुढें गांठी बांधणारा रिकामा बसेल. कारखान्याच्या भिंती, छप्पर व इतर यंत्रें शाबूत असूनही काम ठप्प होईल. यकृतांतील एक विकर नसलें म्हणजे शरीराची हीच स्थिति होते. एक पदार्थ मागें सांचून विषासारखा होतो, आणि दुसरा, जो पुढें हवा असतो, तो मिळेनासा होतो. बाकीचें यकृत मात्र पुष्कळदां पूर्ण निरोगी असतें.

अशा विकारांची कल्पना प्रथम स्पष्टपणें मांडणारे गृहस्थ म्हणजे लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरड हे होत. कांहीं माणसांचें मूत्र उघड्यावर राहिलें असतां काळें पडतें. या विकारास अल्काप्टोनूरिया म्हणतात. गॅरड यांनीं १९०२ सालीं या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, हा विकार एकाच घरांतील भावंडांत आढळतो, आणि अशा मुलांचे आईबाप पुष्कळदां एकमेकांचीं सख्खीं चुलत, मामे किंवा आते भावंडें असतात. पुढें १९०८ सालीं त्यांनीं या व अशा इतर विकारांस चयापचयाचे जन्मजात दोष असें नांव दिलें. चयापचय म्हणजे अन्नाची शरीरांत होणारी घडामोड. अल्काप्टोनूरियांत जें विकर नसतें तें मुख्यतः यकृतांतलेंच आहे, हें त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनीं कळलें.

यांतील दोन विकार आपण नीट समजून घेऊं, कारण पुढील सर्व हकीकत त्यांच्याशीं निगडित आहे. पहिल्यास क्रिग्लर व नज्जर या अमेरिकेंतील दोन वैद्यांचें नांव मिळालें आहे. त्यांनीं तो १९५२ सालीं वर्णिला. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगून मोडतात, आणि त्यांतून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य निघतें. यकृतांतील एक विकर त्यास पाण्यांत विरघळण्याजोगें करितें, म्हणजे तें पित्तावाटे बाहेर जातें. हें विकर मुळींच नसलेलें बालक जन्मानंतर थोड्याच दिवसांत पिवळें पडतें व तसेंच राहतें. बिलिरुबिन फार वाढलें तर तें मेंदूंत शिरतें आणि बहिरेपणा, अंग ताठणें, झटके, किंवा मृत्युही ओढवतो. दुसरा विकार यूरियाचक्राचा. दुधांतील व डाळींतील प्रथिनें पचतांना अमोनिया उत्पन्न होतो. यकृत त्याचा निरुपद्रवी यूरिया करून मूत्रावाटे बाहेर टाकितें. या कामाच्या साखळींतील एखादें विकर नसेल तर अमोनिया रक्तांत सांचतो. असें बालक जन्मतां गुटगुटीत दिसतें. परंतु दूध पोटांत जाऊं लागलें कीं दोन-तीन दिवसांतच तें दूध सोडतें, ओकतें, निपचित पडतें व बेशुद्ध होतें. पाहणारास तें विषमाशीचें दुखणें वाटतें किंवा दृष्ट लागली असें वाटतें, आणि खरें कारण कळण्यापूर्वींच मूल हातचें जातें.

यकृताचा प्रत्येक विकार जन्मजात असतो असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या महाराष्ट्रांतच याचें एक ठळक उदाहरण घडलेलें आहे. पूर्वी आपल्या देशांत लहान मुलांचें यकृत कठीण होऊन तीं दगावण्याचा एक रोग होता. अशा मुलांच्या यकृतांत तांबें अतिशय सांचलेलें असे. १९८० नंतरच्या दशकांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्यानें या मुलांच्या आहाराची बारकाईनें चौकशी केली. तेव्हां पितळी भांड्यांत तापविलेलें व ठेविलेलें दूध फार लहानपणीं पाजल्याचें अनेक घरीं आढळून आलें. अशा भांड्यांतून तांबें दुधांत उतरतें. भांडीं बदललीं, आणि तो रोग आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तेथें पेशींची गरज पडली नाहीं, कारण दोष भांड्यांत होता. परंतु जेथें दोष पेशीच्या आंत, तिच्या जनुकांत असतो, तेथें भांडें बदलून भागत नाहीं.

जनुक म्हणजे विकर कसें घडवावें याची लेखी सूचनाच समजा. प्रत्येकाजवळ अशा सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. एक प्रत चुकली तरी दुसरीवर काम भागतें, आणि ती व्यक्ति पूर्ण निरोगी राहते. आईबाप दोघेही असे एका चुकलेल्या प्रतीचे वाहक असले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास दोन्ही प्रती चुकलेल्या मिळण्याचा संभव चारांत एक असतो. यकृताच्या या विकारांपैकीं बहुतेक याच रीतीनें उतरतात.

विद्यार्थ्यांस वहींत सोडवून पाहतां येईल असा एक हिशेब येथें देतों. समजा, एका आजोबांच्या ठायीं असें एक चुकलेलें जनुक आहे. तें त्यांच्या मुलीस मिळण्याचा संभव १/२, व तिच्या मुलास मिळण्याचा १/४. तसेंच तें त्यांच्या मुलास मिळण्याचा संभव १/२, व त्या मुलाच्या मुलीस मिळण्याचा १/४. आतां हा मुलगा व त्याच्या मामाची ती मुलगी यांचा विवाह झाला, तर दोघांच्याही ठायीं तें जनुक असण्याचा संभव १/४ × १/४ म्हणजे १/१६ होतो, आणि त्यांच्या अपत्यास विकार होण्याचा संभव त्याच्याही चौथा हिस्सा, म्हणजे १/६४. त्याच मुलानें नात्याबाहेर विवाह केला, आणि समाजांत दर ५०० माणसांत एकाच्याच ठायीं तें जनुक आहे असें मानलें, तर १/४ × १/५०० × १/४ म्हणजे १/८००० इतकाच संभव उरतो. पहिला आंकडा दुसऱ्याच्या १२५ पट आहे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या मराठवाड्यांत पुष्कळ घरीं आहे. ती प्रेमानें व विश्वासानें चालत आलेली आहे, आणि अशा विवाहांतून बहुतेक मुलें निरोगीच निपजतात, हेंही तितकेंच खरें. परंतु ज्या घराण्यांत एखादें मूल असल्या विकारानें गेलें आहे, तेथें तरी सोयरीक जुळविण्यापूर्वी हा हिशेब वडील माणसांनीं मनांत आणावा. आणि दोन्ही प्रती चुकल्यावांचून हा विकार होत नाहीं, तेव्हां केवळ सुनेस दोष देणें अन्यायाचें तर आहेच, पण शास्त्रदृष्ट्याही चुकीचें आहे.

आतां उपायांकडे वळूं. क्रिग्लर-नज्जर विकारांत निळ्या प्रकाशाचा उपयोग होतो. १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील रॉचफर्ड येथील रुग्णालयांत सिस्टर वॉर्ड नांवाच्या परिचारिकेच्या लक्षांत आलें कीं, उन्हांत नेलेल्या बाळांच्या कातडीचा पिवळेपणा उघड्या भागीं कमी होतो. त्या निरीक्षणावरून १९५८ सालीं प्रकाशोपचाराची पद्धति प्रसिद्ध झाली, आणि आज जगांतील लक्षावधि नवजात बालकें तिचा लाभ घेतात. साध्या काविळीस हा उपचार थोडे दिवस पुरतो. परंतु क्रिग्लर-नज्जर विकाराच्या तीव्र प्रकारांत बालकास रोज दहा-बारा तास निळ्या दिव्यांखालीं उघडें निजावें लागतें, आणि तेंही वर्षानुवर्षें. मूल वाढतें तसें वजनाच्या मानानें कातडीचें क्षेत्र कमी पडतें, व प्रकाशाचा गुण उणा होत जातो.

दुसरा उपाय सबंध यकृत बदलण्याचा. मनुष्यावर तो प्रथम १९६३ सालीं अमेरिकेंत डॉ. थॉमस स्टार्झल यांनीं योजिला. आपल्या देशांत १९९४ सालीं मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा झाला, आणि १९९८ सालीं दिल्लीच्या अपोलो रुग्णालयांत एका लहान मुलास त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसविण्यांत आला. बालकावर यशस्वी झालेलें हें भारतांतील पहिलें यकृतरोपण होय. यकृताचा एक गुण असा कीं, त्याचा भाग कापून घेतला तरी उरलेला भाग कांहीं महिन्यांत वाढून आपली उणीव भरून काढितो. काळजाचा तुकडा हे आईचे शब्द येथें अक्षरशः खरे होतात. जन्मजात विकारांवर हा उपाय पुरता गुणकारी आहे. परंतु शस्त्रक्रिया मोठी, खर्च अवाढव्य, देणारासही धोका, आणि शरीरानें परका अवयव नाकारूं नये म्हणून आयुष्यभर औषधें घ्यावीं लागतात. शिवाय आपल्या उदाहरणांतील कारखाना आठवा. एक यंत्र बंद पडलें म्हणून सबंध कारखाना पाडून नवा बांधावा काय?

यांतूनच यकृतपेशींच्या रोपणाची कल्पना निघाली. एखाद्या विकराचें काम चालण्यास सर्वच पेशी निरोगी असाव्या लागत नाहींत. शेंकडा पांच ते दहा पेशींनीं तें काम केलें तरी पुष्कळ विकारांत बालकाची स्थिति सुधारावी, असा अंदाज होता. १९६९ सालीं बेरी व फ्रेंड या शास्त्रज्ञांनीं कोलॅजिनेझ नांवाच्या विकराच्या साहाय्यानें यकृताचा बंध सैल करून त्यांतील पेशी जिवंत सुट्या करण्याची रीत दाखविली. १९७६ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथें क्रिग्लर-नज्जरासारखाच विकार असलेल्या, जन्मतः काविळीच्या उंदरांस अशा पेशी देण्यांत आल्या, आणि त्यांचें बिलिरुबिन उतरलें. १९९२ सालीं जपानांतील डॉ. मितो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मनुष्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले; त्यांत रोग्यांच्याच यकृतांतील पेशी त्यांच्या प्लीहेंत सोडलेल्या होत्या.

जन्मजात विकारावर या उपायाची खरी परीक्षा झाली ती १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका हकीकतींत. अमेरिकेंत ओमाहा येथील नेब्रास्का विद्यापीठाच्या रुग्णालयांत क्रिग्लर-नज्जर विकाराची १० वर्षांची एक मुलगी होती. ती रोज सुमारें १२ तास दिव्यांखालीं काढी. डॉ. आयरा फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिच्या पोर्टल शिरेंतून सुमारें ७५० कोटी निरोगी यकृतपेशी हळूहळू आंत सोडल्या. पोट उघडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागली नाहीं. तिच्या यकृतांत पूर्वी त्या विकराची शक्ति जवळजवळ शून्य होती, ती निरोगी मनुष्याच्या सुमारें पांच टक्के झाली. बिलिरुबिन पुष्कळ उतरलें. आणि दिव्यांखालचे तास निम्मे झाले. थोड्याशा पेशी परक्या यकृतांत जाऊन वसतात व काम करितात, हें तेव्हां मनुष्याच्या बाबतींत सिद्ध झालें.

या पेशी मिळतात कोठून, हा प्रश्न येथें कोणीही विचारील. मृत दात्याचें जें यकृत चरबी फार असल्यामुळें किंवा अन्य कारणानें सबंध बसविण्यास अयोग्य ठरतें, त्यांतून बहुधा त्या घेतात. यकृतांत प्रथम कोमट द्रव व नंतर विकर खेळवून पेशी सुट्या करितात, गाळतात, धुतात, आणि त्यांतील जिवंत किती हें मोजतात. त्या लागलीच वापराव्या लागतात, नाहींतर अतिशीत तापमानांत गोठवून ठेवाव्या लागतात. परंतु गोठवून पुन्हा वितळविल्यावर त्यांतील पुष्कळ दुर्बळ होतात. नंतर शिरेंत बारीक नळी बसवून त्या थोड्या थोड्या करून सोडतात. एकदम सोडल्यास शिरेंतील दाब वाढून अपाय होण्याचें भय असतें.

आपल्या शेजारीं हैदराबाद येथेंही या विषयाचें काम झालेलें आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटावी. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता, आणि मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गानें परभणी आजही त्या शहराशीं जोडलेली आहे. पोखर्णी तर परभणी-परळी फांट्यावरचेंच स्टेशन. हैदराबादच्या डॉ. सी. एम. हबीबुल्ला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं, यकृत एकाएकीं निकामी झालेल्या रोग्यांच्या उदरपोकळींत गर्भावस्थेंतील यकृतपेशी सोडण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढें तेथील डेक्कन वैद्यकीय महाविद्यालयाच्या यकृतसंशोधन केंद्रांत क्रिग्लर-नज्जर विकार असलेल्या एका बालिकेस यकृताच्या रोहिणीवाटे अशाच आद्यपेशी देण्यांत आल्या. तिचें बिलिरुबिन उतरल्याची हकीकत २००८ सालीं छापून आली. एका रोग्याच्या थोड्या काळाच्या निरीक्षणावरून उपाय सिद्ध झाला असें म्हणतां येत नाहीं. शिवाय गर्भाच्या पेशी घेण्यांत नीतीचे गंभीर प्रश्न येतात, आणि म्हणून अशा कामास नीतिसमितीची मान्यता व आईची लेखी संमति आवश्यक धरिली जाते. तथापि मोठ्या विद्यापीठांच्या बरोबरीनें आपल्या शेजारच्या शहरींही हा प्रश्न हातीं घेतला गेला, याची नोंद राहिली पाहिजे.

आतां या उपायाची उणी बाजू सांगणें प्राप्त आहे. सोडलेल्या पेशींपैकीं बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच नष्ट होतात. ज्या टिकतात त्यांवर शरीराचे रक्षक परके समजून हल्ला करितात, म्हणून येथेंही औषधें चुकत नाहींत. आणि मूळच्या पेशी, एक विकर सोडल्यास, धडधाकट असल्यामुळें नव्यांस पसरण्यास जागा देत नाहींत. पेरणी झाली, पण रान आधींच उभ्या पिकानें भरलेलें, अशी ही स्थिति आहे. यामुळें सुरुवातीचा गुण कांहीं महिन्यांनीं, फार तर एक-दोन वर्षांनीं ओसरतो. ओमाहाच्या त्या मुलीसही पुढें सबंध यकृत बसवावें लागलें.

मग हा उपाय व्यर्थ झाला काय? तसें नाहीं. नदीस पूर आला असतां पक्का पूल बांधून होईपर्यंत नावेनें पलीकडे जावें लागतें. पेशींचें रोपण ही तशी नाव आहे. टोकियोच्या राष्ट्रीय बालआरोग्य केंद्रांत २०१९ सालीं यूरियाचक्राचा विकार असलेल्या सहा दिवसांच्या बालकास, मूलपेशींपासून प्रयोगशाळेंत वाढविलेल्या यकृतपेशी देण्यांत आल्या. इतक्या लहान जिवास यकृत बसविणें फार धोक्याचें होतें. त्या पेशींनीं मधला काळ सांभाळला, आणि मूल कांहीं महिन्यांचें झाल्यावर त्यास वडिलांच्या यकृताचा भाग बसविण्यांत आला. अमोनियानें मेंदूस अपाय होण्याचे ते दिवस होते, आणि मूल त्यांतून सुखरूप पार झालें.

अलीकडे याच विकारांवर आणखी एक मार्ग निघाला आहे: परक्या पेशी आणण्याऐवजीं बालकाच्या स्वतःच्याच पेशींतील चुकलेली सूचना पुरी करावी किंवा सुधारावी. २०२३ सालीं युरोपांतील वैद्यांनीं क्रिग्लर-नज्जर विकाराच्या पांच रोग्यांस निरुपद्रवी केलेल्या विषाणूवाटे चांगलें जनुक दिल्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं अधिक मात्रा मिळालेल्या तिघांस प्रकाशोपचार बंद करतां आला. २०२५ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें यूरियाचक्राचा विकार असलेल्या एका अर्भकासाठीं, केवळ त्याच्याच जनुकांतील चूक दुरुस्त करणारें औषध सहा-सात महिन्यांत घडवून देण्यांत आलें. हे उपाय अद्यापि प्रयोगावस्थेंत आहेत.

येथें आईबापांस एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य वाटतें. मूलपेशींचा उपचार म्हणून नानाविध रोगांवर हमखास गुण देण्याच्या जाहिराती अलीकडे आढळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ सालच्या आपल्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, रक्ताच्या ठराविक विकारांत सर्वमान्य झालेला उपयोग सोडल्यास मूलपेशींचा वापर मंजूर प्रयोगांतच व्हावा. मंजूर प्रयोगांत भाग घेण्याबद्दल रोग्याकडून पैसे घेत नाहींत, आणि संमतिपत्र समजेल अशा भाषेंत दिलें जातें. जेथें शेत विकून पैसा आणावयास सांगतात व कागद मात्र दाखवीत नाहींत, तेथून परत फिरावें.

पोखर्णीच्या घरीं बसून यकृतपेशी देतां येत नाहींत हें उघड आहे. परंतु आजवरच्या सर्व उपायांचें यश एका गोष्टीवर अवलंबून राहिलें आहे, आणि ती गोष्ट घरींच घडते. ती म्हणजे विकार वेळेवर ओळखणें. मेंदूस एकदां अपाय झाल्यावर पेशी, यकृत किंवा जनुक, कशानेंही तो भरून येत नाहीं. म्हणून पुढील खुणा प्रत्येक घरीं ठाऊक असाव्या.

पहिली खूण काविळीची. पुष्कळ नवजात बालकें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं थोडीं पिवळीं दिसतात व दोन आठवड्यांत निवळतात. परंतु जन्मानंतर २४ तासांच्या आंत आलेली, तळहात-तळपायांपर्यंत पोंचलेली, किंवा दोन आठवडे उलटूनही न गेलेली कावीळ दवाखान्यांत दाखविलीच पाहिजे. शी पांढुरकी व लघवी गडद होत असेल तर पित्ताची वाट बंद असण्याचा संभव असतो, आणि त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर विशेष गुण येतो. गळ्यांत माळ घालणें, हातावरून कावीळ उतरविणें, पोटास डाग देणें यांत अमूल्य दिवस जातात. डागानें तर बालकास नवी जखम होते.

दुसरी खूण सुस्तीची. चांगलें पिणारें बाळ एकाएकीं दूध सोडतें, वारंवार ओकतें, हलवूनही जागें होत नाहीं, किंवा त्याचा श्वास भराभर चालतो, तर त्याच दिवशीं त्यास रुग्णालयांत न्यावें. घरांत पूर्वी एखादें मूल जन्मल्यावर थोड्या दिवसांत कारण न कळतां गेलें असेल तर तें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें, आणि रक्तांतील अमोनिया तपासावा काय असें विचारावें. पुढील गर्भधारणेपूर्वी जनुकांची तपासणी करून घेतां येते, आणि पुढचें मूल जन्मल्याबरोबर उपचाराची तयारी ठेवितां येते.

यासाठीं दूर जाण्याची प्रथम गरज नाहीं. प्रसूतीनंतर आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत ठराविक दिवशीं घरीं येऊन बाळ पाहतात. त्यांस बाळ उजेडांत नेऊन दाखवावें, आणि त्यांनीं सांगितल्यास जिल्हा रुग्णालय गांठावें. पुढें गरज पडल्यास दुर्मिळ विकारांसाठीं सरकारनें जीं विशेष केंद्रें नेमिलीं आहेत, त्यांत मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय व हैदराबादची निजाम वैद्यकीय संस्था यांचा समावेश आहे. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार अशा केंद्रांतून नियमांत बसणाऱ्या रोग्यांस साहाय्य मिळतें. २०२२ सालीं त्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यांत आली.

विद्यार्थिमित्रांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, या विषयांतील मुख्य प्रश्न अद्यापि सुटलेला नाहीं. दुसऱ्याच्या शरीरांत गेलेली निरोगी पेशी तेथें कायमची कशी वसेल, आणि तिला वाढण्यास जागा कशी मिळेल? गॅरड यांनीं हा विषय हातीं घेतला तो काळें पडणारें मूत्र पाहून, आणि सिस्टर वॉर्ड यांनीं कातडीचा रंग पाहून. दोघांजवळही मोठें यंत्र नव्हतें. समोर दिसलेल्या गोष्टीचें कारण शोधण्याची संवय मात्र होती. ती संवय शाळेंत असतांनाच लावून घेतां येते, आणि ज्यांस ती लागेल त्यांच्यासाठीं हा प्रश्न वाट पाहत आहे.